मंद दृष्टीची गुरुमाता : बाई ॲन सलिव्हन यांचें चरित्र

मार्ककृत शुभवर्तमानांत बेथसैदा येथील एका आंधळ्याची हकीकत आहे, ती आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. प्रभूनें त्याच्यावर हात ठेवला तरी त्याला एकदम स्पष्ट दिसूं लागलें नाहीं. चालतीं माणसें त्याला झाडांसारखीं भासलीं. मग प्रभूनें दुसऱ्यांदा हात ठेवला, तेव्हां त्याची दृष्टि पूर्ण झाली. त्या दोन स्पर्शांच्या मधल्या क्षणीं तो मनुष्य धड आंधळा नव्हता व धड डोळसही नव्हता. आमच्या गांवोगांवच्या शाळांत याच अवस्थेंतलीं मुलें आहेत. तीं वाटेनें एकटीं चालतात, म्हणून कोणी त्यांस आंधळीं म्हणत नाहीं. परंतु फळ्यावरचें अक्षर त्यांस दिसत नाहीं, म्हणून मास्तर त्यांस मठ्ठ म्हणतात. अशा मुलांच्या आईबापांसाठीं व शिक्षकांसाठीं आज आम्ही एका बाईचें चरित्र देत आहों. त्या स्वतः अशाच मुलांपैकीं एक होत्या, आणि पुढें जगांतील अत्यंत नामांकित शिक्षिकांमध्यें त्यांची गणना झाली.

ॲन सलिव्हन, जिला घरीं ॲनी म्हणत, ही अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत फीडिंग हिल्स या खेड्यांत ता. १४ एप्रिल १८६६ रोजीं जन्मली. तिचे आईबाप आयर्लंड देशांतील दुष्काळाच्या दैन्यांतून निघून पोट भरण्यासाठीं समुद्रापलीकडे गेलेले गरीब लोक होते. त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. बाप मजुरी करी, व हातीं आलेला पैसा दारूंत घालवी. असें घर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं जवळून पाहिलें आहे. त्याचें अधिक वर्णन करण्याची गरज नाहीं.

ॲनी सुमारें पांच वर्षांची असतां तिच्या डोळ्यांस खुपऱ्यांचा रोग झाला. हा रोग सूक्ष्म जंतूंपासून होतो. रोगी मुलाच्या डोळ्यांतील पाणी व चिपडें हातांना, पंचाला किंवा आईच्या पदराला लागतात, माशा त्यांवर बसतात, आणि तेथून तो दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. रोग पुनःपुन्हां झाला म्हणजे पापणीच्या आंतल्या बाजूस व्रण पडतात, पापणी आंत वळते, केस बुबुळावर घासूं लागतात, आणि बुबुळ हळूहळू गढूळ होतें. आज यावर चांगलीं औषधें आहेत. त्या काळीं तीं नव्हतीं. ॲनीला डोळ्यांपुढें सर्वदा धुकें पसरल्यासारखें दिसूं लागलें.

ॲनी आठ वर्षांची असतां, १८७४ सालीं, तिची आई क्षयानें वारली. पुढें दोन वर्षांच्या आंत बापानेंही मुलांस टाकलें. धाकटी बहीण एका नातेवाइकानें नेली. परंतु डोळ्यांनीं अधू असलेली ॲनी व कमरेच्या सांध्याच्या रोगानें लंगडा झालेला तिचा लहान भाऊ जिमी यांस कोणीच ठेवून घेईना. ता. २२ फेब्रुवारी १८७६ रोजीं त्या दोघांस ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथगृहांत पोहोंचविण्यांत आलें. तेथें म्हातारीं, वेडीं, रोगी व निराधार माणसें एकत्रच कोंबलेलीं असत. थोड्याच महिन्यांत जिमी मरण पावला. रात्रीं जाग आल्यावर ॲनीनें शेजारीं हात लांबविला, तों त्याचें अंथरूण जागेवर नव्हतें. डोळ्यांनीं पाहण्याच्या आधीं तिच्या हातांनीं तें दुःख जाणलें. त्या दिवसापासून तिला या जगांत आपलें म्हणावें असें कोणी राहिलें नाहीं.

त्या घरांत ती चार वर्षांहून अधिक काळ राहिली. मध्यंतरीं तिच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून पाहिली, पण गुण आला नाहीं. तिला शिकविणारें कोणी नव्हतें. तरी इतर बायांकडून ती पुस्तकें वाचवून घेई व ऐके. तिच्यासारख्यांसाठीं कोठें तरी एक शाळा आहे, असें तिच्या कानीं आलें, तेव्हांपासून तिच्या मनास दुसरा विषय उरला नाहीं. १८८० सालीं सरकारी धर्मादाय मंडळाचे गृहस्थ संस्था तपासण्यासाठीं आले. त्यांत फ्रँक सॅनबर्न नांवाचे पुढारी होते. ते कोणते हें तिला नीट दिसत नव्हतें. ती आवाजाच्या मागें मागें एका खोलींतून दुसरींत फिरली, आणि शेवटीं ते जावयास निघाले तेव्हां त्यांच्यामध्यें शिरून आपल्याला शाळेंत घाला म्हणून तिनें आक्रोश केला. यरीहोच्या वाटेवरील बार्तीमयानें लोकांच्या दटावणीस न जुमानतां हांक मारली, तिची येथें आठवण होते. त्या गृहस्थांनीं तिची हांक ऐकली.

ता. ७ ऑक्टोबर १८८० रोजीं ॲनी बोस्टन शहरांतील पर्किन्स अंधशाळेंत दाखल झाली. तिचें वय चौदा वर्षांचें होतें, आणि तिला एक अक्षरही येत नव्हतें. तिला लहान लहान मुलींच्या वर्गांत बसविलें. तिच्याजवळ स्वतःचे धड कपडे नव्हते, सुईंत दोरा ओंवणें तिला ठाऊक नव्हतें, आणि चार माणसांत कसें बसावें बोलावें हेंही ठाऊक नव्हतें. इतर मुली तिला हंसल्या. लाजेचा राग झाला, आणि रागाचा उद्दामपणा झाला. ती शिक्षकांस उलट बोले व नियम मोडी. तिला शाळेंतून काढून टाकण्याची वेळ आली होती. आम्ही हें झांकून ठेवीत नाहीं. चरित्र लिहितांना माणसाला देवदूत बनविणें बरें नव्हे. शिवाय शिक्षकांनीं येथेंच शिकण्यासारखें आहे. ज्या मुलाचा वर्गांत नित्य पाणउतारा होतो तें मूल एकतर मुकें होतें किंवा दांडगें होतें, आणि दोहोंचें मूळ एकच असतें.

ॲनीच्या सुदैवानें ही गोष्ट ओळखणारीं माणसें तिला भेटलीं. वसतिगृहाच्या व्यवस्थापक श्रीमती सोफाया हॉपकिन्स यांनीं तिला लेकीप्रमाणें जवळ केलें. सुटींत सर्व मुली घरीं जात, पण ॲनीला घर नव्हतें. तेव्हां या बाई तिला समुद्रकांठच्या आपल्या घरीं नेत. तेथें तिला पहिल्यानें घर म्हणजे काय तें कळलें. एका शिक्षिकेनें तिच्या उद्धटपणाशीं न भांडतां तिच्या बुद्धीला काम दिलें, व चांगल्या ग्रंथांची गोडी लावली. शाळेचे अधिकारी मायकेल ॲनाग्नॉस यांनींही तिच्या अंगचे गुण ओळखून तिला सांभाळून घेतलें. प्रथम ती उठावाच्या अक्षरांचीं पुस्तकें बोटांनीं वाचावयास शिकली. नंतर बोस्टन येथें तिच्या डोळ्यांवर पुन्हां शस्त्रक्रिया झाल्या, आणि या वेळीं त्यांस चांगला गुण आला. तिला शाईनें छापलेलें पुस्तक वाचतां येऊं लागलें. तथापि दृष्टि निर्दोष झाली नव्हती. पुस्तक डोळ्यांजवळ धरावें लागे, थोड्या वेळानें डोळे दुखत, आणि ते जन्मभर दुखत राहिले.

म्हणजे ती आंधळ्यांच्या शाळेंतली डोळस, व डोळसांच्या जगांतली आंधळी झाली. परंतु ह्याच मधल्या जागेचा तिनें उपयोग करून घेतला. त्या संस्थेंत लॉरा ब्रिजमन नांवाची एक प्रौढ स्त्री राहत असे. ती आंधळी असून बहिरीही होती. पर्किन्स शाळेचे पहिले अधिकारी डॉ. सॅम्युएल हो यांनीं १८३७ पासून तिला शिकविलें होतें. तिच्याशीं बोलावयाचें म्हणजे बोटांच्या खुणांनीं तिच्या तळहातावर एकेक अक्षर काढावें लागे. ॲनी ही बोटांची भाषा शिकली, व त्या एकाकी बाईजवळ बसून तिच्याशीं बोलूं लागली. पुढें याच विद्येनें आपलें नांव जगभर होणार हें तिला कोठून ठाऊक असणार? १८८६ सालीं, वीस वर्षांची असतां, तिनें आपल्या वर्गांत पहिला नंबर मिळविला, व पदवीदानाच्या समारंभांत वर्गाच्या वतीनें भाषण केलें. एक अक्षरही येत नव्हतें तेथपासून हें अंतर तिनें सहा वर्षांत तोडलें. यापुढें आम्ही तिला बाई म्हणूं.

त्याच सुमारास अलाबामा संस्थानांतील टस्कंबिया गांवचे कॅप्टन केलर यांचें पत्र ॲनाग्नॉस यांस आलें. त्यांची मुलगी हेलन दीड वर्षाची असतां आजारानें आंधळी व बहिरी झाली होती. तिला शिकविण्यासाठीं कोणी पाठवाल काय, असा त्यांचा प्रश्न होता. ॲनाग्नॉस यांनीं सलिव्हन बाईंची निवड केली. बाईंनीं आपल्या अशक्त डोळ्यांनीं कित्येक महिने डॉ. हो यांच्या नोंदी वाचल्या, आणि ता. ३ मार्च १८८७ रोजीं त्या टस्कंबियास पोहोंचल्या. बरोबर पर्किन्सच्या मुलींनीं दिलेली एक बाहुली होती. तिचे कपडे लॉरा ब्रिजमननें शिवले होते.

हेलन तेव्हां जवळजवळ सात वर्षांची होती. घरच्यांनीं दयेपोटीं तिला कशासही मनाई केली नव्हती. ती जेवतांना सर्वांच्या ताटांत हात घाली, व मनासारखें न झालें म्हणजे लाथा मारी. बाईंनीं पाहिलें कीं, ही दया नव्हे, ही त्या मुलीची हानि आहे. त्यांनीं तिला ताटावर बसून चमच्यानें जेवावयास लाविलें, आणि कांहीं दिवस आईबापांपासून दूर बागेंतल्या लहान घरांत तिला आपल्याजवळ ठेविलें. शिस्त लागली, तशी प्रीतिही जडली. बाई दिवसभर तिच्या तळहातावर शब्द काढीत असत. ता. ५ एप्रिल रोजीं पंपाच्या थंड पाण्याची धार एका हातावर पडत असतां बाईंनीं दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द काढला, आणि प्रत्येक वस्तूला नांव असतें हें त्या मुलीला एकाएकीं उमगलें. पुढची कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस सांगावयाचें तें बाईंच्या डोळ्यांविषयीं.

१९०० सालीं हेलन रॅडक्लिफ कॉलेजांत गेली. प्रत्येक वर्गांत बाई तिच्या शेजारीं बसत, व प्रोफेसरांचें व्याख्यान तिच्या हातावर उतरवीत. उठावाच्या अक्षरांत नसलेलें प्रत्येक पुस्तक बाईंनीं आपल्या डोळ्यांनीं वाचावें, तेव्हां तें हेलनला कळावें. रोज पांच पांच तास हें वाचन चाले. डॉक्टरांनीं तें ऐकून धोक्याची सूचना दिली, परंतु बाई थांबल्या नाहींत. हेलनला तें उमगलें होतें. एखादा उतारा पुन्हां वाचूं काय, असें बाई विचारीत, तेव्हां तो नीट ध्यानांत आला नसला तरी नको म्हणून ती सांगे. हेतु हा कीं, तेवढीच बाईंच्या डोळ्यांस विश्रांति मिळावी. गुरु शिष्येसाठीं आपले डोळे झिजवीत होती, आणि शिष्या गुरूच्या डोळ्यांसाठीं आपला अभ्यास सोडीत होती. १९०४ सालीं हेलनला पदवी मिळाली. पदवी एकीच्या नांवची होती, श्रम दोघींचे होते.

१९०५ सालीं बाईंनीं जॉन मेसी या लेखकाशीं विवाह केला. पण तो संसार फार वर्षें टिकला नाहीं. पुढें दोघी गुरुशिष्या गांवोगांव व्याख्यानें देत फिरल्या, आणि १९२४ पासून अमेरिकेंतील अंधांच्या संस्थेसाठीं त्यांनीं निधि जमविला. बाईंची दृष्टि मात्र क्षीण होत गेली. एक डोळा काढावा लागला. शेवटीं शेवटीं दुसऱ्यानेंही दिसेनासें झालें. जिनें अंध मुलीला वाट दाखविली ती स्वतः अंधारांत गेली, आणि आतां शिष्येनें तिला बोटांनीं वाचण्यास पुन्हां मदत केली. ता. २० ऑक्टोबर १९३६ रोजीं न्यूयॉर्क शहरांतील फॉरेस्ट हिल्स येथें बाई निवर्तल्या. त्यांची रक्षा वॉशिंग्टन येथील मोठ्या ख्रिस्ती मंदिरांत ठेविली आहे; १९६८ सालीं हेलन केलर वारल्यावर त्यांचीही रक्षा तेथेंच, गुरूजवळ, ठेवण्यांत आली.

सलिव्हन बाई धर्मोपदेशक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा रोमन कॅथॉलिक मंडळींत झाला होता, आणि पुढें त्या कोणत्याच मंडळीच्या नियमित उपासक राहिल्या नाहींत. स्वभाव तिखट होता, व मनावर उदासीनताही पुष्कळदां येई. परंतु थोर शोमरोनी मनुष्याच्या दृष्टांतांत प्रभूनें आम्हांस काय शिकविलें आहे, तें वाचकांनीं आठवावें.

बोस्टन शहर आमच्या लोकांस परकें नाहीं. १८१३ सालीं मुंबईस आलेले रेव्ह. गॉर्डन हॉल ज्या अमेरिकन बोर्डानें पाठविले, त्याचें ठाणें बोस्टन येथेंच होतें. त्याच बोर्डाच्या मराठी मिशनांतील कुमारी ॲना मिलर्ड यांनीं १९०० सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईंत अंध मुलांची शाळा काढली. ती पुढें दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. तेव्हां अंध मुलांस शिकवावें ही गोष्ट आमच्या मंडळींस नवी नाहीं. नवी गोष्ट ही कीं, ज्यांस थोडें दिसतें त्यांसही आमची गरज आहे, आणि त्यांस बहुधा दूर पाठविण्याचें कारण नाहीं. गांवच्या शाळेंतच त्यांची सोय होऊं शकते.

ती कशी करावी, याचा थोडका विचार करूं. प्रथम मूल ओळखावें. जें पुस्तक नाकाला लावतें, एक डोळा मिटून किंवा मान वांकडी करून पाहतें, फळ्यावरचें चुकीचें उतरतें, तिन्हीसांजेस ठेंचाळतें, त्याला मारूं नये व हंसूं नये. तालुक्याच्या नेत्रवैद्याकडे न्यावें. कित्येकांचें काम साध्या चष्म्यानें भागतें. ज्यांचें तेवढ्यानें भागत नाहीं त्यांस भिंगाचा उपयोग होतो. पुस्तक जवळ धरल्यानें उरलेली दृष्टि जाते ही समजूत खोटी आहे. मुलाला खुशाल जवळ धरूं द्यावें, आणि मान दुखूं नये म्हणून पुस्तकाखालीं उतरती फळी द्यावी. डोळे शिणले म्हणजे मध्यें मध्यें विसांवा द्यावा, व दुसऱ्या कोणी वाचून दाखवावें.

शाळेंत त्याला पहिल्या ओळींत बसवावें. उजेड त्याच्या पाठीकडून किंवा बाजूनें यावा, डोळ्यांवर येऊं नये. शिक्षकानेंही खिडकीकडे पाठ करून उभें राहूं नये, कारण मग त्याचें तोंड काळें दिसतें. फळा स्वच्छ पुसलेला असावा, अक्षर ठसठशीत असावें, आणि जें लिहावें तें मोठ्यानें वाचावें. वहीवर काळ्या शाईच्या जाड रेघा आंखून द्याव्या. परीक्षेंत वेळ अधिक द्यावा. आमच्या देशांत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमांत मंददृष्टि ही वेगळी नांवानें नमूद आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र काढून ठेविलें असतां मुलाला लेखनिक व वाढीव वेळ मागतां येतो. हा उपकार नव्हे, हक्क आहे. आणि पालकांस तो अर्ज लिहून देणें हें उपदेशकाचें सेवाकार्यच आहे.

घरीं प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी. पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढावा. पांढरा भात पांढऱ्या ताटलींत न वाढतां गडद रंगाच्या ताटलींत वाढावा, म्हणजे मुलाला तो दिसतो. कामें सांगावीं, पाणी भरणें, धान्य निवडणें, धाकट्यांस सांभाळणें हें सर्व त्याला शिकवावें. कॅप्टन केलरांच्या घरची दया आपल्या घरीं नसावी. शब्बाथशाळेंत सुवर्णवचन मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हातीं द्यावें, व उपासनेंतलीं गीतें त्याच्यासाठीं कोणा मोठ्या मुलानें ठळक अक्षरांत उतरून काढावीं.

आणि रोग मुळांतच टाळावा. मुलांचीं तोंडें रोज स्वच्छ पाण्यानें धुवावीं, प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा, एकाच पदरानें सर्वांचे डोळे पुसूं नयेत. ज्या रोगानें ॲनीचे डोळे गेले त्याविषयीं आनंदाची बातमी अशी कीं, २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतून खुपऱ्यांच्या रोगाचें सार्वजनिक संकट म्हणून निर्मूलन झाल्याचें जाहीर केलें. तें असंख्य साध्या सेवकांच्या श्रमांचें फळ आहे. निष्काळजीपणानें आम्ही तें गमावूं नये.

ट्यूक्सबरीच्या त्या घरांत ॲनी चार वर्षें होती. तिचा आक्रोश त्या दिवशीं कोणी ऐकला नसता, तर ती तेथेंच एका कोपऱ्यांत मेली असती, आणि हेलन केलरला शिकविण्यास ती गेली नसती. आपल्या शाळेच्या शेवटच्या बांकावर असें एखादें लेकरूं बसलेलें असेल. तें ॲनीसारखें ओरडणार नाहीं. आपल्या मुलांस ओरडण्याची संवय नाहीं. म्हणून या आठवड्यांत प्रत्येक उपदेशकानें व शिक्षकानें वर्गांत जाऊन एक एक मुलाला फळ्यावरचें अक्षर वाचावयास सांगावें, आणि ज्याला वाचतां येणार नाहीं त्याच्या घरीं त्याच सायंकाळीं जावें. ज्या प्रभूनें बेथसैदाच्या मनुष्यावर दुसऱ्यांदा हात ठेवला, तो आमच्या हातांकडून हें काम करवून घेवो.